अंधारझिरीतला पाहुणा

बांबूच्या काठीचं पुढचं टोक रत्नमालेनं धरलं, मागचं कुंताबाईनं, आणि दोघी खडकाच्या पायऱ्यांवरून अंधारझिरीत उतरू लागल्या. वर मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाच पाठ भाजत होतं. खाली दहा पावलं गेलं की जांभळीची आणि अर्जुनाची सावली सुरू व्हायची. ती अंगावर आली आणि कुंताबाई दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली.

"आता जिवात जीव आला वं."

"पाय जपून टाका, बाई. इथं दगड हालते."

"मले नको सांगू. ह्या दगडाले मी तुझ्या लग्नाच्या आधीपासून ओळखते."

रत्नमाला हसली आणि काठी खडकावर तीनदा आपटली. टेंभरं पिकली की अस्वलही याच वाटेनं खाली येतं, त्याला आधी कळवलेलं बरं. आवाज झिरीतून घुमत गेला. कुठूनतरी मोर उडाला. बाकी काही हललं नाही.

नाकाडोंगरीच्या रस्त्यापासून दीड कोसावर, सालईच्या उजाड टेकड्यांच्या मध्ये, ही खोल चीर होती. वरून पाहणाऱ्याला नुसता झाडांचा शेंडा दिसायचा. सारं रान करपून उभं असताना इथं तळाशी बोटभर पाणी वाहत असे, आणि त्या बोटभर पाण्यावर काय काय जगत असे ते पाहायला दोघी दर वैशाखात येत. रत्नमाला अंगणवाडीत मदतनीस होती, तिला सुट्टी असे. कुंताबाईची साठी उलटून गेली होती. धानाची रोवणी लागेपर्यंत तिलाही घरात कोणी फारसं विचारत नसे.

"सांग," कुंताबाई म्हणाली.

हा त्यांचा जुना कारभार होता. कुंताबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन कर म्हणून सारे सांगून थकले. आधी धान निघू दे, मग थंडी जाऊ दे, मग नातीची परीक्षा होऊ दे, असं करत पाच वर्षं गेली. तेव्हा झिरीत डोळे रत्नमालेचे आणि नाक कुंताबाईचं. जे दिसलं ते सांगायचं, नाही दिसलं ते नाही म्हणायचं. पहिल्याच वर्षी कुंताबाईनं बजावून ठेवलं होतं. "एकदा जरी खोटं सांगितलं नं रत्ना, तं मले बाकीचंही सारं खोटं वाटन."

"डाव्या हाताला कुडा. पांढराशुभ्र फुलून राहिला आहे सारा. फुलं खालीही पडली आहेत, पाण्यावर," रत्नमाला म्हणाली. "जांभळं अजून हिरवी. भोकराला घोस लागले, पण कच्चेच. अन् खडकाच्या फटीत रानहळद वर आली. पानं नाही, नुसतं फूल."

"कोणत्या रंगाचं?"

"गुलाबी. टोकाला जरा जास्त."

"एकच?"

"तीन. एक किड्यानं खाल्लेलं."

कुंताबाईनं समाधानानं मान हलवली. मग थांबली, नाक वर करून तिनं हवा ओढली. "डिकामाली फुलली इथं कुठं तरी. उजवीकडं पाहा."

रत्नमालेनं पाहिलं. वीस पावलांवर, बांबूच्या आडोशाला, डिकामालीचं झुडूप होतं. कालची फुलं पिवळी पडलेली, आजची पांढरी. ती इतक्या वेळा या झिरीत आली होती, तरी प्रत्येक वेळी या बाईच्या नाकाचं तिला नवल वाटायचं.

बावीस वर्षांपूर्वी तेंदूपत्त्याच्या हंगामात रत्नमाला गावातली नवी सून होती. पान तोडता तोडता उन्हानं घेरी आली, तेव्हा ती याच झिरीच्या काठावर बसून राहिली. तिच्या बाटलीत पाणी नव्हतं. कुंताबाईनं आपली बाटली पुढं केली. रत्नमालेनं मान मागं टाकली आणि वरून धार धरली, तिला तसंच प्यायला शिकवलेलं होतं. तेव्हा कुंताबाई म्हणाली, "तोंड लावून पी वं, सांडू नको." आणि मग तीच बाटली न पुसता आपल्या तोंडाला लावली. गावात दोन मोहल्ल्यांच्या मध्ये तलावाची पाळ होती. बावीस वर्षांत ती पाळ थोडी झिजली, थोडी तशीच राहिली. पण झिरीत पाळ नव्हती. इथं दोघी एकाच पानावर जेवायच्या. रत्नमालेनं नवरा गेल्यावर रडायचं होतं तेवढं इथंच रडून घेतलं होतं, कुंताबाईच्या मांडीवर. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही ते तिनं या बाईला सांगितलं होतं.

आणि चारीचं झाडही कुंताबाईनंच दाखवलं होतं.

चार पिकली की काळीजांभळी होते, गोड लागते, आणि आतल्या बीमधून चारोळी निघते. पण पिकलेली चार खाल्लेलं माणूस आता गावात शोधावं लागे. आपण थांबलो तर दुसरा तोडील, या भीतीनं सारे हिरवीच ओरबाडत. हात पुरला नाही तर फांदी कोयत्यानं खाली. हिरव्या बीतून रोप उगवत नाही, आणि तुटलेल्या फांदीला पुढच्या साली मोहर नाही. दहा वर्षांत टेकडीवरची चार संपली. राहिलं एक झाड, जिथून पाणी पाझरायचं त्या झिऱ्याच्या वरच्या कपारीत, आणि ते ठाऊक होतं दोघींनाच.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं. हे झाड पिकू द्यायचं. जुनी रीत होती, मोहर पहिल्यांदा पाहील तिनं खोडाला पळसाच्या मुळीची दोरी बांधायची. गाठ असेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, आणि बांधली तिनंच सोडायची. गाठ असताना तोडलेलं फळ घरी पचत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. यंदा फाल्गुनात रत्नमालेनं गाठ मारली होती. बुद्धपौर्णिमेच्या आसपास चार पिकायची. पहिली ओंजळ ती विहारात ठेवायची, दुसरी दोघी मिळून झाडाखालीच खायच्या, आणि बिया यंदा पेरायच्या होत्या. त्यासाठी तिनं वर्षभर दुधाच्या पिशव्या धुऊन जमवल्या होत्या. माती, शेणखत भरून साठ पिशव्या तिच्या अंगणात ओळीनं ठेवलेल्या होत्या. पौर्णिमा आज तीन दिवसांवर होती.

झिऱ्याशी पोचल्या तेव्हा कुंताबाई खडकावर बसली. शिदोरीचं फडकं सैल झालं होतं ते तिनं पुन्हा करकचून बांधलं, डाव्या हातानं, नेहमीसारखं उलटं वळवून.

"तुमची गाठ सोडाले दुसरा जन्म घ्यावा लागते," रत्नमाला म्हणाली.

"डावरीची गाठ होय. माझी सासू म्हणे, हिनं वासरू बांधलं तं दोर कापावा लागते."

"चला, वर जाऊन येऊ."

कुंताबाईनं गुडघ्यावर हात ठेवला. "तूच जाऊन ये वं. माझा गुडघा आज काही चढू देत नाही."

रत्नमालेला जरा वेगळं वाटलं. गेल्या साली ताप अंगात असतानाही ही बाई कपारीत चढली होती. पण वय झालं, असं म्हणून ती एकटीच निघाली.

वर जायला फार तर पाच मिनिटं लागत. शेवटचं वळण घेतलं आणि तिला आधी ऊन दिसलं. या जागी ऊन कधी पडत नसे. मग फांद्या दिसल्या. पाच-सहा जाड फांद्या खाली पडलेल्या, पानं वाळून तांब्याच्या रंगाची झालेली. चार-पाच दिवसांपूर्वीचं काम. फांद्यांवर एक दाणा शिल्लक नव्हता. मातीत हिरवी फळं तुडवली गेली होती. कोणाच्या तरी बुटांचे ठसे होते, आणि त्यांच्या बाजूला चपलेचे, लहान, एक पाय जरा ओढत टाकलेला.

रत्नमाला तिथंच उकिडवी बसली. तिला आधी राग आला नाही. नुसत्या अंगणातल्या साठ पिशव्या डोळ्यांपुढं आल्या.

मग तिनं खोडाकडं पाहिलं. दोरी जागेवर होती. गाठही होती. तिला क्षणभर समजेना. गाठ असताना कोणी तोडलं? इतकं धारिष्ट? ती जवळ गेली आणि तिनं गाठीला हात लावला.

तिची गाठ उजवीकडं वळायची. ही डावीकडं वळली होती, उलटी, करकचून. आत्ता खाली शिदोरीवर पाहिली होती तशीच.

म्हणजे गाठ आधी सोडली होती. मग झाड तोडलं होतं. आणि मग पुन्हा बांधली होती. रीत मोडायची भीती वाटली म्हणून रीत पाळल्यासारखं करून चोरी केली होती. रत्नमालेच्या तोंडून एक कोरडं हसू निघालं आणि त्याच्या मागोमाग राग आला. परक्यानं नेलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाली असती. पण हिनं केसानं गळा कापला होता.

सकाळचं आता एकेक आठवू लागलं. कुंताबाईला बोलवायला ती गेली तेव्हा तिची सून उर्वशी दारातच आडवी उभी राहिली. एरवी चहाशिवाय सोडत नसे. आज म्हणाली, "थांबा इथंच, आई येऊनच राहिली." तिच्या मागं अंगणात कशावर तरी चादर अंथरलेली होती, चारही कोपऱ्यांना दगड. कुरोड्या घातल्या असतील, असं रत्नमालेला वाटलं होतं. कुरोड्या उन्हात वाळवतात, चादरीखाली झाकत नाहीत, हे तिला आत्ता सुचलं.

तिनं गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटली नाही. तशीच ठेवून ती खाली उतरली. उतरताना तिनं एक ठरवलं. आपण नाव घ्यायचं नाही. हिनं स्वतः सांगितलं पाहिजे. सांगितलं, ते बूट माझ्या लेकाचे, त्यानं जबरदस्ती केली म्हणाली, घरात चालत नाही म्हणाली, चुकलं म्हणाली, तर आपण गप्प बसू. झाड पुन्हा फळेल चार वर्षांनी. तेवढं थांबता येईल.

कुंताबाई पाण्यात पाय सोडून बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"पिकली का वं?"

रत्नमाला तिच्या समोर बसली. "झाड तोडलं, बाई. सारं."

पाणी वाहत होतं. कुंताबाईचे पाय पाण्यात थांबले.

"अगं माय," ती म्हणाली. "फांद्याही?"

"फांद्याही. कोयत्यानं."

"कोण असन?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू, आंधळी बाई." कुंताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या मोहल्ल्यातली पोट्टी येतेत नं इकडं शेळ्या घेऊन. त्यातलंच असन एखादं."

तिच्याकडं पाहत राहायचं असं रत्नमालेनं ठरवलं, पण ते तिला जमलं नाही. ती पाण्याकडं पाहू लागली. झाडाचं दुःख आता मागं पडलं होतं. बावीस वर्षांत या बाईनं या जागी 'तुमच्या मोहल्ल्यातली' असं कधी म्हटलं नव्हतं. गावात म्हणत असेल. झिरीत नाही. ती तलावाची पाळ आज हिनं स्वतःच्या हातानं इथं आणून घातली, आणि ती कशासाठी, तर चादरीखालची चार झाकायला.

"गाठ मात्र बांधलेली आहे," रत्नमाला म्हणाली. "ज्यानं तोडलं, त्यानं सोडून पुन्हा बांधली."

कुंताबाईचा हात शिदोरीवर होता. तो तिथंच राहिला.

"शेळ्या चारणाऱ्या पोट्ट्याले ही रीत माहीत असन का, बाई?"

"आजकाल कोणाचं काय सांगता येते." कुंताबाईचा आवाज बारीक झाला होता. मग ती जरा जोरानं, घाईघाईनं बोलू लागली. "अन् मी म्हणते, इतकं जिवाले लावून कायले घ्याचं? आपण नाही तोडलं तं दुसरा तोडते. सारं जंगल असंच चाललं. झाड काय कोणाच्या नावानं असते?"

"नाही असत."

"मग?"

"मग काही नाही. जेवा."

रत्नमालेनं शिदोरी उचलली, गाठीकडं पाहिलं आणि तशीच तिच्या हातात दिली. "तुम्हीच सोडा. मले नाही सुटत."

कुंताबाईनं गाठ सोडली. तिच्या बोटांची टोकं तपकिरी पडली होती. हिरव्या चारीची सालं चोळली की हा डाग आठ दिवस जात नाही. भाकर, कांदा, आंब्याचं लोणचं. पळसाच्या एका पानावर दोघींचं वाढलं. रत्नमालेनं दोन घास खाल्ले आणि पुरे म्हणाली. कुंताबाईनं बाटली पुढं केली, तेव्हा तिनं आपल्या पिशवीतली बाटली काढली. कुंताबाईला ते दिसलं नसेल. पण झाकण फिरवल्याचा आवाज ऐकू आलाच असेल.

"चला," रत्नमाला म्हणाली. "ऊन चढून राहिलं."

"अन् पाहुणा?"

पाहुणा पाहिल्याशिवाय त्या कधी परतल्या नव्हत्या. झिऱ्यापासून खाली शंभर पावलांवर एक म्हातारी जांभूळ पाण्यावर वाकलेली होती. तिच्या फांदीच्या बेचक्यात, मातीला न शिवता, नुसत्या सालीला मुळं चिकटवून एक रोप राहत होतं. जाड, लांबट पानं. वर्षभर कोणाच्या नजरेत भरू नये असं. आणि वैशाखात एक दिवस त्याला तुरा यायचा, पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मध्ये ओठासारखी पुढं आलेली निळसर जिवणी. पुस्तकात त्याचं काही मोठं नाव असेल. दुसऱ्याच्या घरी राहतो म्हणून कुंताबाईनं त्याला पाहुणा म्हटलं होतं. गेली दोन वर्षं तो आलाच नव्हता. गेल्या साली त्या चार खेपा करून रिकाम्या परतल्या, आणि कुंताबाई म्हणाली होती, "मी मराच्या आधी एकदा तरी येऊ दे म्हणा त्याले. पाहून तूच सांगजो."

काठी पुन्हा दोघींच्या हातात आली. रत्नमाला पुढं चालली. वाटेत एका खडकाआड रानहळदीचा अख्खा ताटवा होता, तीस-चाळीस फुलं. तिनं सांगितलं नाही. मागून कुंताबाईनं दोनदा "सांग" म्हटलं. दुसऱ्यांदा रत्नमाला म्हणाली, "इकडं काही नाही."

तिला अजून वाटत होतं, सांगेल ही. शंभर पावलं आहेत. माणसाला एक वाक्य बोलायला शंभर पावलं पुष्कळ होतात.

"रत्ना," कुंताबाई मागून म्हणाली.

रत्नमाला थांबली. "हो, बोला."

"तुझ्या त्या पिशव्यांत आता काय लावशील?"

"पाहीन."

"आवळा लाव. आवळ्याले कोणी हात लावत नाही."

जांभळीचं झाड आलं होतं. तिनं वर पाहिलं.

पाहुणा आला होता. एक नाही, दोन तुरे. एका तुऱ्यावर सहा फुलं, दुसऱ्यावर चार, आणि पानांतून उतरलेला उन्हाचा एक कवडसा नेमका त्यांच्यावर पडलेला. निळी जिवणी इतकी निळी की तिला नवऱ्याच्या कोऱ्या निळ्या शर्टाची आठवण झाली, जो त्यानं पौर्णिमेला विहारात जायला शिवून घेतला होता. तीन वर्षांनी आला होता. तिच्या घशाशी शब्द आलेही. आला वं बाई, दोन तुरे घेऊन आला.

"आला का?" कुंताबाईनं विचारलं. तिचा चेहरा वर होता, पांढुरके डोळे पानांकडं लागलेले, तोंड लहान पोरीसारखं थोडं उघडं.

"नाही," रत्नमाला म्हणाली. "यंदाही नाही."

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. वारा नव्हता. झिरीत दुपारची ऊब साचायला लागली होती आणि त्या उबेत, अगदी हळूहळू, पाहुण्याचा पिकल्या द्राक्षासारखा गोड वास खाली उतरत होता. तो रत्नमालेलाही आला. कुंताबाईला तर तिच्याआधीच आला असणार.

कुंताबाई हलली नाही. तिनं एकदा श्वास घेतला, थांबली, मग पुन्हा घेतला, लांब, छाती भरेपर्यंत. काठीच्या दुसऱ्या टोकाला तिचा हात एकदम जड झाल्याचं रत्नमालेला कळलं. आता ही म्हणेल, खोटं काहून बोलली? मग आपणही विचारू, तुम्ही काहून?

"बरं," कुंताबाई म्हणाली. "नसन आला."

तिनं मान खाली केली आणि पदर डोक्यावर ओढला. रत्नमाला वळली आणि चालू लागली. चार पावलांवर काठी हलकी झाली. मागं पाहिलं तर कुंताबाईनं आपलं टोक सोडलं होतं. एक हात खडकाच्या भिंतीला लावून, पायानं जमीन शोधत ती एकटीच येत होती.

"धरा, बाई. पडाल."

"चाल तू. मले वाट माहीत आहे."

रत्नमाला पुढं होऊन थांबली. जिथं पाणी वाट ओलांडत होतं तिथले दगड हिरवे, बुळबुळीत झाले होते. दरवर्षी इथं ती हात द्यायची.

"इथं शेवाळ आहे," ती म्हणाली.

खरंच होतं. कुंताबाई थांबली. मग ती गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली वाकली, आणि पाऊल टाकण्याआधी तिनं तो दगड हातानं चाचपून पाहिला.